पोलादाला दिलेले पाणी

न गंजणाऱ्या पोलादाचा इतिहास सांगताना १३ ऑगस्ट १९१३ ही तारीख हमखास येते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने त्या दिवशी १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. एसेनच्या क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी आदल्याच वर्षी क्रोमियमला निकेलची जोड दिली होती. पहिला मान कोणाचा, हा वाद भरपूर घोळवला गेला आहे. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पोलादाला पाणी कसे दिले, यावर दोन्हीकडे किती अवलंबून होते, हे त्या वादात मागे पडते.

लोहार विळ्याला पाणी देतो ते पाते कडक व्हावे म्हणून. ब्रिअर्लीच्या सुरीत धार धरण्याची आणि गंजाला तोंड देण्याची अशी दोन्ही ताकद पाणी दिल्यावरच नीट उतरे. निकेलच्या पोलादाची तऱ्हा निराळी. लाल तापवून पाण्यात बुडवले तरी ते कडक होत नाही. न गंजण्याचा गुण मात्र टिकवते.

कारण कार्बन. वाळूच्या साच्यात ओतलेले पंपाचे जाड कवच सावकाश निवते. ८५० ते ४५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते रेंगाळले, की कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमांवर कार्बाइड बनवतो. सहा कार्बन अणूंमागे तेवीस क्रोमियमचे. म्हणजे वजनाने एका ग्रॅममागे सोळा ग्रॅमहून अधिक. या हिशेबाने ०.०८ टक्के कार्बन फार तर १.३ टक्के क्रोमियम खाईल. अठरातून एवढे गेले तर काय बिघडले? बिघडते, कारण ते सगळ्या वस्तूतून जात नाही, सीमेलगतच्या अरुंद पट्टीतूनच जाते. तिथले प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली उतरले, की आम्लाला आत शिरायला वाट मिळते. वरून चकचकीत, आत कण सुटलेले. बेन, अबॉर्न आणि रदरफर्ड यांनी १९३३ मध्ये ही उपपत्ती मांडली.

उपाय भट्टीतलाच. १,०४० अंशांच्या वर तापवून कार्बाइड विरघळू द्यायचे आणि लगेच पाण्यात बुडवायचे. जाड ओतकामाचा गाभा तरीही हळूच निवतो; म्हणून पुढे ०.०३ टक्के कार्बनच्या जाती आल्या.

ओतकामातली पोकळी वेल्डिंगने भरली, की त्या शेजारी तोच धोक्याचा टप्पा पुन्हा येतो. तेव्हा सगळी वस्तू परत भट्टीत घालावी लागते. हे काम टाळले तरी रासायनिक तपासणीच्या दाखल्यावर काहीच दिसत नाही. क्रोमियम तेवढेच भरते, निकेलही तेवढेच.