वेग वाढवला की वेळ का चुकायची

आयबीएमने 1981 साली आणलेल्या पहिल्या पीसीत प्रोसेसरचा वेग आणि घड्याळाची वेळ एकाच क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालत. हा क्रिस्टल 14.31818 मेगाहर्ट्झचा. त्याला तीनने भागून 8088 प्रोसेसरचे 4.77 मेगाहर्ट्झ निघत, चारने भागून अमेरिकी रंगीत टीव्हीला लागणारा 3.58 मेगाहर्ट्झचा संकेत आणि बाराने भागून टायमर चिपचे 1.19 मेगाहर्ट्झ. ही चिप दर 65,536 ठोक्यांनंतर एक इंटरप्ट देई, म्हणजे सेकंदाला सुमारे 18.2. ते मोजूनच डॉस वेळ सांगे. बॅटरीवरचे घड्याळ मूळ यंत्रात नव्हतेच; पीसी सुरू केला की तारीख आणि वेळ हाताने टाइप करावी लागे.

एकाच क्रिस्टलवर सगळे भागवणारी ही रचना कल्पक होती, पण ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जलद चालवण्याच्या, आड येणारी. क्रिस्टल दहा टक्के जलद बसवला, तर घड्याळ तासाला सहा मिनिटे पुढे जाणार आणि रंगीत टीव्हीवरचे रंगही बिघडणार. म्हणून वेग वाढवायचा तर प्रोसेसरला स्वतंत्र क्रिस्टल देऊन टायमर जुन्यावरच ठेवावा लागे.

1984 च्या पीसी एटीत आयबीएमनेच ही फारकत केली. 80286 प्रोसेसरला 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मिळाला; तो निम्मा करून प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झवर चाले. टायमरचा क्रिस्टल वेगळा राहिला. शिवाय बॅटरीवरचे घड्याळ आले, 32,768 हर्ट्झच्या क्रिस्टलचे. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. हौशी मंडळींनी लगेच 12 चा क्रिस्टल उपटून 16 चा बसवला आणि वेळेला धक्का न लावता 8 मेगाहर्ट्झ मिळवले. आयबीएमने मग बायोसमध्ये वेगाची तपासणी घातली. वेग जास्त आढळला की यंत्र सुरूच होत नसे.

तरी डॉसची वेळ पूर्ण बिनचूक झाली नाही. बॅटरीवरचे घड्याळ फक्त सुरुवातीला वाचले जाई, पुढची मोजणी टायमरचीच. एखाद्या प्रोग्रॅमने इंटरप्ट फार काळ अडवले, की ठोके गळत आणि वेळ मागे पडे. पीसी पुन्हा सुरू केला की ती जुळे.

वेगाबरोबर वेळ बदलण्याचा प्रश्न 2013 मध्ये नव्या रूपात पुढे आला. विंडोज 8 चालू असताना काही यंत्रांवर बेस क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग ज्यावरून ठरतो तो मूळ ठोका, कमी केला, की सिस्टिमचे घड्याळही मंदावे आणि वेगचाचणी प्रत्यक्षाहून कमी वेळात आटोपल्यासारखी दिसे. ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने त्या ऑगस्टमध्ये विंडोज 8 वरचे निकाल स्वीकारणे थांबवले.