रेल्वेनं धान्याचं पोतं नेताय? आधी वजन करा, पावती घ्या. नाहीतर सहापट पैसे भरावे लागतील

सुगी झाली की पुण्या-मुंबईकडं जाणाऱ्या गाड्यांत माणसांपेक्षा पोतीच जास्त दिसतात. पोराकडं ज्वारी, लेकीकडं तूरडाळ, सोबत शेंगा आणि लोणच्याची बरणी. नेणारे बहुतेक जण 'जनरल डब्यात कोण बघतंय' म्हणत चढतात. बऱ्याचदा खरंच कुणी बघत नाही. पण ज्या दिवशी तपासणी होते, त्या दिवशी पोत्यातल्या धान्यापेक्षा दंड जड होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये 'आता विमानासारखं रेल्वेतही सामान मोजणार' असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरले होते. त्यावर रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी नवा नियम आलेला नाही, असं स्पष्ट केलं. ते खरंच आहे, पण अर्धंच लक्षात राहिलं. नवा नियम नाही म्हणजे नियमच नाही, असं नव्हे. वजनाची मर्यादा कित्येक वर्षांपासून आहे आणि आजही लागू आहे.

एका तिकिटावर किती किलो?

जनरल म्हणजे सेकंड क्लासच्या एका तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येतं. स्लीपरला आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५० किलो, फर्स्ट एसीला ७० किलो. ५ ते १२ वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट असेल तर त्यावर निम्मं वजन धरतात. जास्तीच्या सामानाचे पैसे भरले तर ते डब्यात सोबत ठेवता येतं, पण त्यालाही हद्द आहे. जनरलमध्ये सगळं मिळून ७० किलो, स्लीपरमध्ये ८० किलो. थर्ड एसीत मात्र ४० च्या वर डब्यात नेताच येत नाही. त्याहून जास्त असेल ते ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाजवळच्या सामानाच्या डब्यात जातं.

आता हिशेब बघा. बाजारात मिळणारं भरलेलं पोतं साधारण ५० किलोचं. एकटा माणूस एका जनरल तिकिटावर ते घेऊन निघाला तर १५ किलो जास्त झालं, आणि पिशवी-डबा अजून मोजलाच नाही. तेच नवरा-बायको दोघं दोन तिकिटांवर निघाले तर ७० किलोपर्यंत मोकळीक आहे. वजनकाटा किराणा दुकानात असतोच. निघण्याआधी पाच मिनिटं काढून पोतं काट्यावर टाकलेलं बरं.

सापडलं तर काय होतं? जनरल आणि स्लीपरला फुकटच्या वजनावर दहा किलोपर्यंत सामान जास्त निघालं तर लगेजच्या दराच्या दीडपट पैसे घेतात. त्याच्याही वर गेलं आणि बुकिंग नसेल तर सहापट. २०१८ मध्ये रेल्वेनं तपासणीची मोहीम काढली तेव्हा एक उदाहरण दिलं होतं: ५०० किलोमीटरच्या प्रवासात ४० किलो जादा सामान आधी बुक केलं तर १०९ रुपये, न सांगता नेताना पकडलं तर ६५४ रुपये. दर पुढेमागे होतात, पण एकाला सहा हे प्रमाण लक्षात ठेवावं.

बुकिंग कसं करायचं?

गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी स्टेशनवरच्या लगेज किंवा पार्सल ऑफिसात सामान न्यायचं. गर्दीच्या दिवसांत तासभर आधी गेलेलं चांगलं. तिकीट दाखवा, वजन करून घ्या, पैसे भरा आणि पावती घ्या. पोत्याचं तोंड नीट शिवलेलं हवं, वर नाव-पत्ता मोठ्या अक्षरात हवा. पेटीवर आधीच्या प्रवासाची जुनी चिठ्ठी असेल तर ती काढून टाका, नाहीतर सामान भलतीकडं उतरतं. सगळ्याच छोट्या स्टेशनांवर ही सोय नसते, त्यामुळं तालुक्याच्या स्टेशनवर आदल्या दिवशी विचारून ठेवा.

मोटारसायकल किंवा सायकल न्यायची असेल तर फुकटचं वजन तिला लागू नाही, तिचे पैसे वेगळे. गाडीची टाकी रिकामी करावी लागते. आरसी बुक आणि ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा.

शहरात बिऱ्हाड हलवणारे हमखास एक चूक करतात, ती म्हणजे गॅसची टाकी. रिकामी असली तरी ती रेल्वेत चालत नाही. रॉकेल, पेट्रोल, फटाके, अॅसिड यांनाही बंदी आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आजारी माणसाचा ऑक्सिजन सिलिंडर मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर नेता येतो.

पावती कशाला जपायची?

पैसे वाचतात हे एक झालं. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. कलम १०० सांगतं की रेल्वेच्या माणसानं सामान बुक करून पावती दिली असेल तरच ते हरवल्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तुमच्या सीटखाली तुमच्याच ताब्यात असलेलं सामान गेलं, तर रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो, आणि ते सोपं नाही. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात प्रवाशाच्या विरोधात निकाल दिला. त्याच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेले होते.

बुक केलेल्या सामानाची किंमत आधी लिहून दिली नसेल तर भरपाई किलोला १०० रुपयांपर्यंतच मिळते. धान्याला ते पुरेल, शिलाई मशीनला किंवा टीव्हीला पुरणार नाही. महागाची वस्तू असेल तर किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार भरा. भरपाईचा लेखी दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पण सामान सोडवायला मूळ पावतीच मागतात.

चालत्या गाडीत चोरी झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून प्रवास मोडायची गरज नाही. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडं तक्रारीचा फॉर्म मागा, तो भरून त्यांच्याकडेच द्या. फोन करायचा तर १३९.