मृदंगाच्या डाव्या मुखावरील कणीक : बीड जिल्ह्यातील कीर्तनवाद्याच्या इतिहासातील एक प्रश्न

१

महाराष्ट्रातील कीर्तनसंस्थेचा इतिहास आजवर पुष्कळ लिहिला गेला आहे. तथापि तो बहुतांशी संतचरित्रांचा, फडपरंपरांचा आणि अभंगवाङ्मयाचा इतिहास आहे. ज्या वाद्याच्या आधाराने कीर्तन उभे राहते ते वाद्य कसे निवडले जाते, ऐन कार्यक्रमापूर्वी कसे जुळविले जाते आणि त्याचा नाद समुदायाच्या शेवटच्या ओळीपर्यंत कसा पोहोचविला जातो, या गोष्टी केवळ कारागिरीच्या मानून इतिहासकारांनी बाजूस ठेवल्या. प्रस्तुत टिपणात यांपैकी एका लहानशा गोष्टीचा विचार केला आहे.

पखवाजाच्या, म्हणजेच वारकऱ्यांच्या बोलीतील मृदंगाच्या, उजव्या मुखावर लोहचूर्णयुक्त शाईचा कायमचा थर असतो. डाव्या मुखावर मात्र असा थर नसतो. तेथे गव्हाची मळलेली कणीक दर वेळी नव्याने लावतात आणि वादन संपताच ती खरवडून काढतात. एकाच वाद्याच्या दोन मुखांना हे दोन निरनिराळे न्याय का लावले गेले? कणीक हा प्राचीन व अप्रगत अवस्थेचा केवळ अवशेष होय, असे उत्तर सहज सुचते. ते उत्तर अपुरे आहे, असे साधनांच्या व प्रत्यक्ष वाद्यरचनेच्या परीक्षणावरून दिसून येते.

२

या प्रश्नाच्या अभ्यासाला बीड जिल्ह्याचे क्षेत्र अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. हा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचा अंबाजोगाईशी निकटचा संबंध होता व तेथील शिलालेख त्याची साक्ष देतात. याच सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात सिद्ध केला. पुढे अंबाजोगाईस दासोपंत (१५५१–१६१५) होऊन गेले. त्यांची पासोडी ग्रंथलेखनाचा एक अपूर्व नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्यांची विपुल पदे ही गाण्यासाठी केलेली रचना आहे, हेही विसरता येत नाही. बीडनजीकच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या परंपरेतील वीरशैव भजन आणि नारायणगड, गहिनीनाथगड यांसारख्या गडांवरील वारकरी भजन या दोन्ही धारा या जिल्ह्यात शेजारी शेजारी वाहत आल्या आहेत.

विसाव्या शतकात या स्थानिक परंपरेला शिक्षणसंस्थेची जोड मिळाली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी बंकटस्वामी यांचा बीड तालुक्यातील नेकनूरशी संबंध होता. बीड जिल्ह्यात जन्मलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) हेही आळंदीस बंकटस्वामींच्या सहवासात शिकले. आळंदीस गेलेला विद्यार्थी अभंगाचे निरूपण जसे शिकून येई, तसाच टाळ-मृदंगाचा संस्कारही घेऊन येई. याच वारकरी वातावरणातून अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांच्यासारखा पखवाजवादक पुढे आला. त्यांना १९८६ साली भारत शासनाने पद्मश्री देऊन गौरविले. गावच्या भजनातील मृदंग आणि संगीतसभेतील पखवाज ही दोन वेगळी वाद्ये नव्हेत, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. म्हणून पुढील विवेचनात दोन्ही नावे एकाच वाद्यासाठी वापरली आहेत.

३

मृदंग विकत घेताना जाणता वादक प्रथम खोड पाहतो. शिसव, खैर, कडुनिंब इत्यादींचे लाकूड यासाठी वापरतात. खोड चांगले वाळलेले असावे, त्यास गाठ वा चीर नसावी, आतून कोरलेली भिंत सर्वत्र सारखी असावी, ही पहिली कसोटी. लाकूड जड व घट्ट असेल तर नाद आत जिरत नाही. हलके खोड खांद्याला सोयीचे, म्हणून दिंडीत चालणारा वादक थोडा नाद सोडून हलके खोड पत्करतो. मंदिरात बसून वाजविणारा तसे करीत नाही. दुसरी कसोटी मुखांच्या व्यासाची. उजवे मुख जितके लहान तितकी ते उंच पट्टीत चांगले बोलते. तेव्हा ज्या गायकांची साथ करावयाची त्यांची पट्टी ध्यानी घेऊनच वाद्याची निवड करावी लागते. डावे मुख उजव्यापेक्षा बरेच मोठे असते, कारण खर्जाचा भार त्याच्यावर असतो.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. दोन्ही पुड्यांच्या गजऱ्यांतून एकच चामडी वादी ओवून खोडावर ताणलेली असते आणि त्या वादीखाली लाकडी गठ्ठे बसविलेले असतात. हातोडीने गठ्ठे सरकविले की ताण वाढतो वा उतरतो. सूक्ष्म फरकासाठी उजव्या गजऱ्यावर वरून किंवा खालून हलके ठोके देतात आणि उजवी पुडी वीणेच्या वा पेटीच्या षड्जाशी मिळवितात. पुडीच्या एका बाजूस स्वर चढा व दुसऱ्या बाजूस उतरता राहिला तर नाद फाटतो, म्हणून सर्व बाजूंनी तो एक होईपर्यंत हे काम चालते.

यानंतर डाव्या पुडीची पाळी येते. कणीक फार सैल असू नये, कारण ती घसरते; फार घट्टही असू नये, कारण ती कातड्यास धरत नाही. पुडीच्या मध्यावर पाण्याचा हात फिरवून कणकेचा गोळा तेथे दाबून बसवितात. तो मध्याशी जाड व कडेकडे पातळ होत जातो. कणीक वाढविली की स्वर उतरतो, चिमूटभर काढली की चढतो. उजव्या षड्जाच्या खालचा षड्ज गंभीरपणे उमटेपर्यंत वादक कणीक लावतो व काढतो. कीर्तन लांबले तर कणीक सुकू लागते. तिचे वजन कमी होते, ती तडकते आणि स्वर बिघडतो. अशा वेळी वादक चालू कीर्तनातच, निरूपणाच्या ओघात मृदंग थांबलेला असताना, पाण्याचे बोट फिरवून ती पुन्हा जिवंत करतो. वादनानंतर कणीक तशीच ठेवली तर वाळताना कातडे आखडते व पुडी खराब होते. म्हणून ती त्याच रात्री काढावी लागते.

४

डाव्या मुखावर लेप देण्याची ही कल्पना किती जुनी आहे? इसवी सनाच्या आगेमागे रचल्या गेलेल्या भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांच्या प्रकरणी मार्जनेचा, म्हणजे लेप देऊन वाद्य स्वरात आणण्याचा, सविस्तर विचार आहे. नदीकाठची काळसर माती त्यासाठी उत्तम मानली आहे. ती न मिळाल्यास गव्हाचे अथवा जवाचे पीठ वापरावे असे सांगितले असून, पिठाने नाद एकसुरी होतो हा दोषही तेथे नोंदविला आहे. मयूरी, अर्धमयूरी व कार्मारवी अशा मार्जनेच्या तीन पद्धती त्यात आहेत. यावरून लेप हे केवळ नाद जाड करण्याचे साधन नव्हते, तर वाद्याची मुखे ठरावीक स्वरांत बसविण्याचे साधन होते, हे निश्चित होते.

शार्ङ्गदेवाच्या वाद्याध्यायातील मर्दलाचे वर्णन आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. हा मर्दल बीजवृक्षाच्या लाकडाचा, २१ अंगुळे लांब, डावे मुख १४ अंगुळांचे व उजवे १३ अंगुळांचे असे सांगितले आहे. शिजविलेला भात व राख यांच्या मिश्रणाला तेथे बोहण असे नाव असून ते दोन्ही मुखांना लावावयाचे आहे. या वर्णनातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, दोन मुखांच्या व्यासांत केवळ एका अंगुळाचा फरक आहे. आजच्या मृदंगात तो याहून पुष्कळ अधिक असतो. दुसरी, लेप दोन्ही बाजूंना तात्पुरता आहे.

म्हणजे तेराव्या शतकानंतर वाद्यात जे परिवर्तन झाले ते एकांगी होते. उजव्या मुखाने कायमची शाई स्वीकारली, डाव्याने स्वीकारली नाही. शाईची विद्या अवगत झाल्यावरही डाव्या बाजूस तिचा उपयोग केला गेला नाही, ही वस्तुस्थिती ‘अवशेष’ या उपपत्तीला बाधक आहे. तबल्याच्या डग्ग्यावर कायमची शाई आहे. अर्थात मोठ्या मुखावर शाई बसविणे अशक्य नव्हते. दक्षिणेतील मृदंगमही उजवीकडे कायमचा थर आणि डावीकडे रव्याचा तात्पुरता लेप अशीच विभागणी पाळतो. तेव्हा पखवाजाच्या बाबतीत कणीक टिकली, ती अज्ञानामुळे नव्हे, तर निवडीमुळे, असेच मानावे लागते.

५

या निवडीचे कारण वाद्याच्या रचनेतच सापडते. दोन्ही पुड्या एकाच वादीने परस्परांशी बांधलेल्या असतात. उजवी पुडी गायकाच्या पट्टीपर्यंत चढवावी तर डावीवरील ताणही वाढतो. उजवी उतरवावी तर डावीही सैल होते. डाव्या मुखावर कायमचा थर असता तर तिचा स्वर सर्वस्वी उजवीच्या ताणाच्या अधीन राहिला असता. कणीक ही डावीला या बंधनातून मोकळे करते. ताण उजवीच्या गरजेप्रमाणे ठरवावा आणि त्या ताणावर डावीला हवा तो खर्ज वजनाने साधावा, अशी ही योजना आहे. डग्गा तबल्यापासून स्वतंत्र असतो, त्याची वादी वेगळी असते. म्हणून त्याला कायमची शाई चालते. दोन वाद्यांतील हा भेद पाहिला म्हणजे कणकेमागील तर्क स्पष्ट होतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह व पुढे १९३४ साली स्वतंत्रपणे भारतीय चर्मवाद्यांचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यावरून या योजनेचा भौतिक आधार कळतो. साध्या ताणलेल्या चर्मपटलाचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून सामान्य ढोलाला निश्चित स्वर नसतो. मध्यावर भार दिल्याने पटलाच्या कंपनांची मांडणी बदलते आणि पहिले पाच स्वरांश संवादी होतात, हे रामन यांनी दाखविले. उजव्या मुखाची शाई हे कार्य अत्यंत नेमकेपणाने करते, आणि असा नेमकेपणा दर संध्याकाळी नव्याने साधणे शक्य नाही. म्हणून तो थर कायमचा असणे इष्ट. डावीकडे अपेक्षा वेगळी आहे. तेथे खोल आणि समुदायभर पसरणारा नाद हवा असतो, आणि त्यासाठी भाराचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलता येणे अधिक महत्त्वाचे असते.

ही परिस्थिती बीड जिल्ह्यात दररोज बदलते. जिल्हा पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत कातडे ताणते, तर आषाढ-श्रावणातील ओलीत तेच ढिले पडते. अखंड हरिनाम सप्ताहात दररोज कीर्तनकार निराळा, म्हणून पट्टीही निराळी. एके दिवशी कीर्तन दगडी सभामंडपात, दुसऱ्या दिवशी उघड्या पटांगणात. मंडपात भिंती खर्जाला आधार देतात. पटांगणात तो आधार नसतो आणि टाळांचा तीव्र नाद मात्र तसाच राहतो. शेकडो टाळांच्या कल्लोळात मृदंगाची डावी बाजू बुडाली तर ठेक्याचा पाया हरवतो व मागच्या ओळीतील टाळकरी लयीतून सुटतो. म्हणून डाव्या पुडीची जुळवाजुळव हा केवळ नादसौंदर्याचा विषय नव्हे. समुदाय एका लयीत ठेवण्याचे कार्य तिच्यावर अवलंबून असते.

६

ध्वनिक्षेपकाच्या आगमनाने या व्यवहाराची पूर्वपीठिकाच बदलली. समुदायात खर्ज ऐकू न येण्याची अडचण केवळ कीर्तनाची नाही. पाश्चात्त्य नृत्यवृंदांत मोठे उभे बास वाद्य इतर वाद्यांच्या आवाजात लोपत असे. त्यावर लिओ फेंडर याने अमेरिकेत १९५१ साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तेथे खर्जाची वाढ आणि तिचे नियमन वाद्यातील व ध्वनिवर्धकावरील खुंट्यांकडे गेले. मृदंगाच्या बाबतीत वाद्य तेच राहिले, पण त्यापुढे ध्वनिग्राहक आला. डाव्या मुखापुढे ठेवलेला ध्वनिग्राहक खर्ज फुगवितो; त्यामुळे पूर्वीइतकी कणीक लावली तर नाद घुमून बोल अस्पष्ट होतात. आता वादकास दोन ठिकाणी विचार करावा लागतो : पुडीवर किती भार द्यावा आणि यंत्रावर खर्ज किती ठेवावा. हा दुसरा निर्णय बहुधा त्याच्या हाती नसतो. यंत्र चालविणाऱ्याला मृदंगाचा स्वर कळतोच असे नाही, आणि वादकाने कानाने साधलेले प्रमाण यंत्राकडून सहज मोडले जाते. वादीऐवजी लोखंडी पेच आणि कणकेऐवजी कृत्रिम लेप यांचाही चर्मवाद्यांत शिरकाव झाला आहे. सोय म्हणून ते त्याज्य नव्हेत. परंतु त्यांच्याबरोबर ताण व भार यांच्यातील नात्याची जाण नाहीशी होण्याचा संभव आहे.

या जाणिवेचे धनी केवळ वादक नव्हते, हेही नमूद करणे अवश्य आहे. पुडीचे कातडे कमावणारे, वादी कापणारे व शाई घोटणारे कारागीर या विद्येचे अर्धे भागीदार होत. चामड्याशी संबंधित व्यवसाय करणाऱ्या जातींना मंदिराच्या गाभाऱ्यात शतकानुशतके प्रवेश नव्हता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ज्यांच्या हातच्या पुडीवाचून कीर्तन सुरू होत नसे, त्यांना त्या देवाच्या पायांपर्यंत पोहोचण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. कीर्तनाच्या इतिहासात या कारागिरांची नावे येत नाहीत. त्यांचे ज्ञान ग्रंथात नसून हातात होते, हेही त्याचे एक कारण होय.

७

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. डाव्या मुखावरील कणीक हा अप्रगत अवस्थेचा अवशेष नसून, एकाच वादीने बांधलेल्या दोन मुखांपैकी एकाला स्वतंत्र ठेवण्याची बुद्धिपुरस्सर योजना आहे. भरत व शार्ङ्गदेव यांच्या ग्रंथांतील लेपाशी तिचे साम्य स्पष्ट आहे. तथापि माती, भात-राख व कणीक ही द्रव्ये भिन्न आहेत आणि मुखांची प्रमाणेही बदलली आहेत. म्हणून देवगिरीच्या दरबारापासून नेकनूर-आपेगावापर्यंत एक अखंड परंपरा चालत आली असे विधान करणे साधनांच्या पलीकडचे ठरेल. एकच अडचण निरनिराळ्या काळी सारख्या रीतीने सोडविली गेली, इतके मात्र निःशंकपणे म्हणता येते.

या विषयाचे पुढील संशोधन ग्रंथालयापेक्षा सप्ताहाच्या मंडपात अधिक होण्याजोगे आहे. कणकेचे वजन, ती लावल्यापासून स्वर टिकण्याचा काळ, ऋतूनुसार पडणारा फरक, खोडांची व मुखांची मापे यांची नोंद जिल्ह्यातील वृद्ध वादक व पुडी भरणारे कारागीर यांच्याकडून घेतली पाहिजे. कीर्तन संपल्यावर कणीक रोज खरवडून टाकली जाते. तिच्यामागील विद्याही तशीच नाहीशी होऊ नये, यासाठी ही नोंद लवकर होणे अगत्याचे आहे.