गेमिंग लॅपटॉप : चिपच्या नावाइतकेच वॅटही महत्त्वाचे

स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत ग्राफिक्स चिपचे नाव ठळक असते. तिला वीज किती मिळणार, हे बहुधा तपशिलाच्या तळाशी सापडते. एनव्हिडियाच्या लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०५० चिपची वीजमर्यादा निर्माते ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान ठरवतात. नाव तेच, ६ जीबी मेमरीही तीच. तरीही पातळ लॅपटॉपमधील कमी वॅटची चिप जाड लॅपटॉपमधील चिपच्या बरीच मागे राहते.

अर्थात, वीज दुप्पट म्हणून वेग दुप्पट होत नाही. वेग वाढवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शेवटच्या काही वॅटमधून वेगापेक्षा उष्णता आणि पंख्यांचा आवाजच अधिक पदरी पडतो.

चार्जर काढताच चित्र पालटते. ५० वॅट-तासांच्या बॅटरीतून ११५ वॅट घेतले, तर ती अर्ध्या तासाच्या आत संपेल. म्हणून लॅपटॉप चिपची वीज आपोआप घटवतो. प्रवासात गेम खेळू पाहणाऱ्यांची निराशा होते ती येथेच. सोबतच्या जाड चार्जरऐवजी ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावल्यास तो जोडलेला असतानाही बॅटरी उतरू शकते.