भाग : रेव्हरंड टिळकांचा 'देवाचा दरबार'

आज ज्या टिळकांविषयी बोलायचं आहे ते लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत पाठ केली असेल, तर तुम्ही त्यांना ओळखता. मला मात्र आज कवितेपेक्षा एका प्रश्नाबद्दल बोलायचंय. माणूस ख्रिस्ती झाला, म्हणजे त्याने आपली भाषा, आपली चाल, आपली माणसं मागे टाकायची का?

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, घर चित्पावन ब्राह्मणाचं. नोकरीसाठी राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी ओळख झाली आणि त्याने 'नवा करार' हाती ठेवला. टिळकांना त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने धरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट इथे संपत असती, तर तो फक्त धर्मांतराचा एक दाखला झाला असता. पण खरी परीक्षा पुढेच होती. पत्नी लक्ष्मीबाईंना हे मान्य नव्हतं, त्यामुळे दोघं काही वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. मनातली जात हळूहळू गळत गेली आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हसत हसत सांगितलंय, पण वाचताना कळतं की एका माणसाच्या श्रद्धेची किंमत घरातल्या दुसऱ्याने किती भरली.

अहमदनगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. तिथे त्यांनी ओव्या, अभंग, भजनं लिहिली, कीर्तनं केली. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही होतं, कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं होतं. पण टिळकांनी त्यात जीव ओतला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडा, पानोपानी टिळक भेटतात.

आणि घर? तिथे बालकवी ठोंबरे मुक्कामाला असत, घरच्या मुलासारखे. कुणाचा धर्म विचारून जेवायला वाढायचं, ही त्या घरची रीतच नव्हती. माझ्या मते टिळकांचं सगळ्यात मोठं प्रवचन तेच.

पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. पगार परदेशी मिशनचा, आणि त्यामुळे ख्रिस्त इथल्या लोकांना गोऱ्यांचाच वाटतो. म्हणून १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. छपन्नाव्या वर्षी, हातात पैसा नसताना! मिशनमधल्या काहींना हे भाबडेपण वाटलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले.

मग उरलं काय? 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य. टिळकांच्या हातून त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. जिला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि त्याचा मोठा भाग लिहिला.

आज 'आयुष्याचं ध्येय' शोधायला लोक शिबिरं करतात, पुस्तकं वाचतात. टिळकांकडे पाहिलं की वाटतं, ध्येय शोधायला ते लांब गेलेच नाहीत. जे अंगात होतं, म्हणजे मराठी, कीर्तन, आल्यागेल्याला जेवायला घालायची सवय, तेच त्यांनी श्रद्धेच्या कामाला लावलं. आणि ज्या पगाराने त्या कामाला खोट आणली असं वाटलं, तो पगार सोडला. तुमची श्रद्धा कुठलीही असो, हा हिशेब आपल्यालाही लागू पडतो.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग ऐकून 'स्मृतिचित्रे' हातात घेतलंत, तर मला कळवा. पुढच्या भागात भेटूच.