कोंडलेली वाफ आणि तिची वाट

वाचकहो, भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर धरली की ती टम्म फुगते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती दोन पापुद्र्यांच्या मध्ये कोंडते आणि वरचा पापुद्रा उचलून धरते. पण काठाला एखादी चीर गेलेली असली म्हणजे भाकरी फुगत नाही; त्या चिरेतून वाफ सूं करून बाहेर पडते, आणि बोट जर तिथेच असेल तर चांगला चटका बसतो. वाफेचा सारा स्वभाव ह्या एका भाकरीत आहे. तिला कोंडले तर ती कामाला येते, वाट दिली तर निघून जाते, आणि वाट कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसले तर ती आपल्याला भाजते.

आता मुद्दाम ही गोष्ट सांगायचे कारण असे की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (जुन्या सवयीने आपण अजून नगर म्हणतो) तालुक्याच्या गावीच नव्हे, तर वाड्यावस्त्यांवरही आता मायक्रोवेव्हची पेटी आली आहे. मुंबई-पुण्याला नोकरी करणारी मुले ती घेऊन येतात. तिच्यात रात्रीची आमटी गरम करायची तर झाकण लावावे की नाही, असे माझ्या घरी विचारले गेले. उत्तर देण्याआधीच एकदा घट्ट झाकणाचा डबा तसाच आत ठेवला गेला, आणि आमटीने पेटीच्या चारही भिंती रंगवल्या. चूक माझीच होती. पण तेव्हापासून ह्या झाकणाच्या मागचा इतिहास शोधावा असे वाटले, आणि तो पुष्कळ जुना निघाला.

डेनिस पापॅं नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. १६४७ साली ब्ल्वा ह्या गावी जन्मलेला. पंथाने प्रॉटेस्टंट, म्हणून पुढे त्याला स्वदेश पारखा झाला. पॅरिसला हायगेन्सच्या आणि लंडनला रॉबर्ट बॉईलच्या हाताखाली त्याने काम केले. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड भांडे मांडले. झाकण स्क्रूने आवळलेले, आत पाणी आणि हाडे, खाली विस्तव. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर गेल्यावाचून उकळत नाही, आणि म्हणून हाडेसुद्धा मऊ होतात, हा त्याचा शोध. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना ह्या भांड्यातले जेवण वाढले गेले. जॉन एव्हलिन नावाच्या सभासदाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती.

ह्याची उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहता येते. अकोले तालुक्याच्या सीमेवरचे कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९५ अंशांपाशीच उकळू लागते. खळखळ दिसते पुष्कळ, पण उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. शिक्षक मंडळींनी सहलीत मुलांना हे जरूर दाखवावे.

पण पापॅंचे मोठेपण भांड्यात नाही, झाकणावरच्या एका भोकात आहे. कोंडलेली वाफ भांडे फोडते, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने झाकणाला भोक पाडले, भोकावर झडप बसवली आणि झडपेवर एक दांडी ठेवून तिच्या टोकाला वजन टांगले. दाब ठरल्यापेक्षा वाढला की झडप उचलली जाते, जादा वाफ निघून जाते, आणि झडप पुन्हा बसते. आपल्या कुकरची शिट्टी ही ह्याच वजनाची नात. आपल्याकडे १९५९ च्या सुमारास कुकर देशातच बनू लागले, आणि ती शिट्टी घराघरांत वाजू लागली. किती शिट्ट्या झाल्या हे मोजणाऱ्या आपल्या माउलीला पापॅं माहीत नसेल, पण ती त्याचीच झडप मोजते.

पापॅंची आणखी एक गोष्ट राहिली. गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावले आणि डबा निवला, की झाकण निघता निघत नाही. आतली वाफ पुन्हा पाणी होते, जागा रिकामी होते, आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. ह्याच दाबाने दट्ट्या खाली ओढता येईल असे पापॅंने १६९० साली लिहिले. पुढे १७१२ साली न्यूकोमेनने त्याच तत्त्वावर खाणीतले पाणी उपसणारे इंजिन चालवले. पापॅं मात्र लंडनमध्ये गरिबीत, कुणाला फारसा पत्ता न लागता वारला. असो.

यंत्रे वाढली, बॉयलर मोठे झाले, आणि झडपेकडे दुर्लक्ष करणारेही वाढले. जादा काम निघावे म्हणून झडपेवर जादा वजन ठेवायचे, हा लोभ. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसे दगावली, आणि पुढच्याच वर्षी बंगाल प्रांताने तपासणीचा कायदा केला. साऱ्या देशासाठी १९२३ साली बॉयलर कायदा आला. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्यात पावणेतेवीस लिटरांच्या वरचे भांडेच बॉयलर धरले होते. म्हणजे घरचा कुकर त्यातून सुटला. त्याच्यासाठी वेगळे मानक आहे, आणि २०२० साली सरकारने त्यावर गुणवत्तेचा हुकूम काढला.

आपल्या जिल्ह्याला वाफ काही नवी नाही. गुऱ्हाळावरची काहील उघडी. रसाची सारी वाफ आभाळात जाते, आणि तिच्याबरोबर चुलवाणातली कितीतरी उष्णताही. साखर कारखान्यात असे चालत नाही. हरेगावचा कारखाना १९२० च्या दशकातला. नंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. कारखान्यात रस एकापुढे एक ठेवलेल्या बंद भांड्यांत आटतो. पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्याला तापवायला दिली जाते, दुसऱ्याची तिसऱ्याला. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिये ह्याची. १८०६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला, बाप गोरा मळेवाला, आई कृष्णवर्णीय. उसाचा रस उकळत्या कढईतून कढईत ओतताना गुलाम भाजून निघत. रिलियेच्या यंत्राने इंधन वाचले, आणि ते ओतणेही संपले.

शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ साली वाफेने स्वयंपाक करणारी सौर यंत्रणा बसवली. छपरावर ७३ आरशांच्या तबकड्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. सूर्याच्या मागे फिरत त्या ऊन एका जागी गोळा करतात, त्यावर पाण्याची वाफ होते आणि नळ्यांतून खाली स्वयंपाकघरात येते. बॉयलरवर जशी झडप, तशी अशा नळ्यांवरही लागते. सूर्याची वाफ झाली म्हणून ती काही सौम्य होत नाही.

आता मायक्रोवेव्ह. १९४५ साली अमेरिकेत रडारच्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरने त्याचे पेटंट मागितले. सांगतात की त्याने त्या लहरींपुढे मक्याचे दाणे धरले आणि त्यांच्या लाह्या झाल्या. अंडे ठेवले तर ते फुटून एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले. दोन्ही प्रकार एकच, बरे का. मक्याचा दाणा काय आणि अंडे काय, वाट नसलेली बंद भांडीच. १९४७ ची पहिली पेटी पुरुषभर उंचीची होती. टेबलावर ठेवण्याजोगी घरगुती पेटी आली १९६७ साली.

चुलीवर भांडे खालून तापते. ह्या पेटीत लहरी अन्नात शिरून त्यातल्या पाण्यालाच हलवतात, म्हणून वाफ एकदम आणि आतूनच उठते. एक चमचा पाण्याची साधारण आठ लिटर वाफ होते. तिला वाट नसली तर झाकण उडते, नाहीतर डबा तडकतो. मग झाकण लावूच नये का? तसेही नाही. लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. काठावर आमटी उकळते आणि मध्ये गार गोळा राहतो. शिळ्या भातातले जंतू त्या गार गोळ्यात जिवंत राहतात. सैल झाकणाखाली वाफ थोडी थांबते, अन्नावर फिरते आणि ऊब सारखी करते. आपण भाजीवर ताटली ठेवून ताटलीत पाणी घालतो, ते ह्याच जातीचे काम.

म्हणून झाकण हवे, पण भोकाचे किंवा एका कोपऱ्याला उचललेले. डब्याच्या झाकणाला वर बोंडी असते, ती उघडून ठेवावी. वरून प्लास्टिकचा कागद लावायचाच तर तो लहरींसाठी चालणाराच हवा, अन्नाला टेकू नये, आणि एक कडा दुमडून मोकळी सोडावी. स्टीलचा डबा आत ठेवूच नये. मध्येच एकदा थांबवून अन्न ढवळावे, पेटी बंद झाल्यावर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे ऊब आतपर्यंत मुरते. अंडे सालीसकट कधी ठेवू नये, बटाट्याला काट्याने टोचून घ्यावे.

आणि झाकण काढताना ते आपल्या बाजूने उचलू नये; पलीकडची कडा आधी उचलावी, तोंड बाजूला ठेवावे. उकळते पाणी आणि वाफ दोन्ही शंभर अंशांची, पण एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता आणखी टाकते. उकळत्या पाण्याच्या जवळजवळ दहापट म्हणाना. शाळेत खिचडीच्या मोठ्या पातेल्यावरचे झाकण उचलणाऱ्या बाया हे हिशेबावाचून जाणतात. त्या पदराने धरतात, आणि मान फिरवूनच उचलतात.