हळद, पोट आणि मन



परवा गटाच्या बैठकीत एक वहिनी हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आल्या. दारावर आलेल्या कुणीतरी विकली होती. "मन उदास राहतंय ना, ह्यानं जाईल, डॉक्टरच्या गोळ्या सोडून द्या." वहिनींनी गोळ्या आठ दिवस बंदही केल्या होत्या. म्हणून आज हळदीची गोष्ट मुळापासून सांगते.

हळद आपल्या शेजारची. सांगलीचा हळदीचा बाजार सगळ्या देशाला माहीत आहे आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवत. कीड लागत नसे, वर्षानुवर्षं माल टिके. २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी निकामी झाली. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' म्हणतो ना आपण, ते पेव हेच. सध्या कॅप्सूलचं फुटलंय.

हळदीतलं पिवळं द्रव्य १८१५ साली फोगेल आणि पेलेटिए या दोन शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. त्याला कुरक्युमिन म्हणतात. पुढे मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं! आपल्या सीएसआयआर या संस्थेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं. आजी लावायची, एवढं सांगून तिथं भागलं नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख असे कागद मांडावे लागले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

जखमेचं झालं, मनाचं काय? गुजरातेत भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नैराश्याच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीची गोळी, दुसऱ्याला रोज एक ग्रॅम कुरक्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गटांत बऱ्याच जणांना उतार पडला. दोन्ही घेणारे थोडे पुढे होते, पण तो फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. ६० माणसं म्हणजे आपल्या चार-पाच गटांएवढीच. शिवाय नुसती खोटी गोळी दिलेला गट त्यात नव्हता, त्यामुळे औषधानं किती आणि काळानं किती, हे त्यातून कळत नाही.

गंमत पुढं आहे. कुरक्युमिन रक्तात फार थोडं उतरतं, बहुतेक आतड्यातच राहतं. मग मनापर्यंत पोचतं कसं? आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात, दही लावणाऱ्यांचे भाऊबंदच म्हणा. त्यांतले काही कुरक्युमिन पचवून त्याचं रूप बदलतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं. बेल्जियममध्ये हजारावर लोकांची तपासणी झाली, तेव्हा नैराश्य असलेल्यांच्या पोटात काही जातींचे जिवाणू कमी आढळले. हा अभ्यास २०१९ चा. आतड्यापासून मेंदूपर्यंत मोठी नस जाते, त्या वाटेनं निरोप जात असावेत असा कयास आहे. पण जिवाणू कमी झाले म्हणून मन खचलं, की मन खचल्यावर जेवण सुटलं म्हणून जिवाणू कमी झाले, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता हिशेब करू. हळदीच्या पुडीत कुरक्युमिन साधारण तीन टक्के. एक ग्रॅम हवं तर रोज तीस-पस्तीस ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीत आपण टाकतो चिमूट! ती टाकायचीच, वर मिरपूडही टाका, तिनं कुरक्युमिन जास्त अंगी लागतं. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कॅप्सूलनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि काही जणांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. चालू गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, झोप उडणं, दुखणं उलटणं, सगळं होऊ शकतं.

वहिनींना आशाताई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, बाटलीसकट. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ज्यांना लगेच जाणं जमत नाही त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं.